दफनभूमीपुढचा सव्वा किलोमीटर

विल्निस ग्राउद्स एकतीस वर्षं ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब पात्याने रस्ता सपाट करणारं मशीन, चालवत होता. खडीच्या रस्त्याचं दुखणं असं की तो चांगला असला की कुणाला दिसत नाही. गाडीतल्या माणसाला शेतं दिसतात, करकोचे दिसतात, शेजाऱ्याने घातलेलं नवं छप्पर दिसतं. रस्ता बिघडला की मात्र सगळ्या तालुक्याला एकदम विल्निस आठवायचा. दुकानात पावासाठी रांगेत उभा राहिला तरी मागून कुणीतरी बोलायचंच.

"काय विल्निस, आमच्या दारात बटाटे लावायचेत का? सरी तर छान पाडल्यास."

"लाव की. शेण तुमच्या गाईंनी टाकलंच आहे," एवढं म्हणून तो राईचा पाव काखेत मारायचा आणि चालू पडायचा.

आमच्या विद्झेमे प्रांतात डांबर हे शहराजवळच्यांचे लाड. आत वळलात की खडी, आणि खडीला रोजचं बघणारा माणूस लागतो. रस्त्याला पाठ हवी, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता, नाहीतर पाणी मध्येच बसून राहतं. कडेला वाहून गेलेली खडी पात्याने ओढून मधोमध वरंबा करायचा आणि मग तो पसरायचा. हे कुणीही सांगेल. पण केव्हा करायचं, हे विल्निसला कळायचं. कोरड्या रस्त्यावर तो पातं टेकवत नसे. कोरड्यात नुसता धुरळा उडतो, खडी सुटी होते आणि चार दिवसांत रस्ता पन्हळी पत्र्यासारखा खडखडायला लागतो. पाऊस पडून गेला पाहिजे, माती ओली असली पाहिजे पण बुटाला चिकटता कामा नये. त्या दिवसासाठी तो थांबायचा. रस्ते विभागाची प्रमुख इंटा त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होती. ती फोनवर फोन करायची. तो म्हणायचा, "इंटा, बाळंतपण आणि ग्रेडर घाईने होत नाहीत. झाले तर पोर वेडं निघतं." इंटाला दोन पोरं होती. ती हसायची आणि त्याला थांबू द्यायची.

त्याला वाढवलं ते त्याच्या बहिणीने, वेल्टाने. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि वेल्टा सोळाची. बाप लाकूडतोडीवर, आणि तिथून आला की बाटलीवर. वेल्टाने शाळा सोडली, सामूहिक शेतावरच्या गोठ्यात पहाटे चारला गाई पिळायला जाऊ लागली आणि परत येऊन या पोराला लापशी भरवू लागली. तिच्याकडे दोन उन्हाळे एक ट्रॅक्टरवाला येत असे. तिसऱ्या उन्हाळ्यात तो म्हणाला, पोराला बापाजवळ ठेव आणि चल. ती गेली नाही. विल्निसला हे कळलं तेव्हा तो चाळिशीचा होता, आणि तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्याने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याचे दात वाईट होते रे," आणि वाटाण्यांत डुकराच्या चरबीचे तुकडे परतत राहिली.

ती राहायची 'लीपास'मध्ये. आमच्याकडे घराला नाव असतं आणि माणसाला त्या नावाने ओळखतात. हमरस्त्यापासून एक खडीचा रस्ता आत जातो, दीड किलोमीटरवर आमची दफनभूमी, आणि तिच्याही पुढे सव्वा किलोमीटरवर लीपास. तिथे रस्ता संपतो. विल्निस गावातल्या इमारतीत एकटा राहायचा. बायको गेली होती आणि मुलगी दात्से राजधानीत, रीगाला होती. वर्षातून सहा-सात वेळा त्याचा ग्रेडर घरघरत लीपासच्या अंगणापर्यंत यायचा. वेल्टा इंजिनाचा आवाज ओळखून दारात उभी असायची. मशीन वळवताना तो एकदा पातं उचलून दाखवायचा, ती हात हलवायची. खाली उतरून त्याने कॉफी घेतली तर घेतली, नाहीतर नाही. दोघांनाही बोलायचं वेड नव्हतं.

मग वेल्टाचे डोळे गेले, म्हणजे पुरते गेले नाहीत, पण तीन शस्त्रक्रिया झाल्या, सगळ्या रीगाला. ती दात्सेकडे राहून यायची. रीगात ज्यांची नोंद आहे त्या म्हाताऱ्यांना ट्राम फुकट. विल्निसला वाटलं, आपण हुशार. त्याने दात्सेच्या संगणकावर बसून वेल्टाचा नोंदणीचा पत्ता लीपासवरून दात्सेच्या घरी हलवला. पाच मिनिटांचं काम. यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. आमच्याकडे निम्मी माणसं राहतात एकीकडे आणि कागदावर दुसरीकडे, कुणी बालवाडीसाठी, कुणी दवाखान्यासाठी.

"म्हणजे मी आता रीगाची बाई?" वेल्टा म्हणाली. "कोंबड्यांना सांगायला हवं. उद्यापासून अदबीने बोला म्हणावं."

डोळा बरा झाला, ती परत आली. पत्ता बदलायचं राहून गेलं.

दोन वर्षांनी मे महिन्यात नगरपालिकेने रस्त्यांची नवी यादी केली. ज्या रस्त्याच्या टोकाला कागदावर कुणी राहत नाही, तो रस्ता यादीतून बाहेर. त्यावर ना खडी, ना ग्रेडर, ना हिवाळ्यात बर्फ सारणारा नांगर. इंटाने विल्निसला कचेरीत बोलावून यादी पुढे ठेवली. त्याने चष्मा लावला आणि काढला.

"लीपासमध्ये वेल्टा राहते, इंटा. तू तिच्याकडचं चीज खाल्लंयस."

"मला माहितेय हो. कागदावर कुणी नाही."

"आज बदलतो कागद."

"बदला. पण यादी वर्षाची असते. पुढच्या मेमध्ये नवी होईल तेव्हा घेतील. आत्ता सह्या झाल्यात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिचा पत्ता हलवला कुणी?"

विल्निसने चष्मा घडी करून खिशात घातला. त्याच संध्याकाळी त्याने नोंद परत लीपासवर आणली. संगणकाने त्याचे आभार मानले.

दफनभूमीपर्यंतचा दीड किलोमीटर मात्र यादीत राहिला. तिथे उन्हाळ्यात सगळा तालुका कबरींवर फुलं लावायला येतो, तो कसा सोडतील? सोडला तो पुढचा तुकडा. मेलेल्यांना रस्ता होता, जिवंत बाईला नव्हता. हे मी चिडून लिहितोय असं वाटलं तर बरोबर वाटलं.

ग्रेडरवर जीपीएस बसवलेलं असतं. पातं कुठे टेकलं, कुठे उचललं, याची रेघ इंटाच्या पडद्यावर उमटते, आणि तिच्या वरच्यांच्याही. जूनमध्ये विल्निसने दफनभूमीच्या फाटकापाशी पातं उचललं आणि मशीन वळवलं. संध्याकाळी वेल्टाचा फोन.

"विल्न्या, आज आवाज आला आणि परत गेला. मशीन बिघडलं का?"

त्याने तिला सगळं सांगितलं, पत्त्याचंही.

"बरं," ती म्हणाली. "वर्षाचा तर प्रश्न आहे. यापेक्षा मोठी वर्षं काढलीयत आपण."

उन्हाळा निभला. ऑक्टोबरच्या पावसात चाकोऱ्या पडल्या, त्यांत पाणी साचलं, आणि ते बाजूला जाईना कारण रस्त्याची पाठ बसली होती. फिरत्या दुकानाचा ऐवार्स दर मंगळवारी व्हॅन घेऊन अंगणापर्यंत यायचा. तो आता फाटकापाशी थांबू लागला.

"विल्निस, मला शिव्या दे," तो म्हणाला, "पण एकदा व्हॅन रुतली तर माझ्या वाटेवरच्या बाकीच्या बारा म्हाताऱ्या उपाशी राहतात."

विल्निसने शिव्या दिल्या नाहीत. ऐवार्सचं खरं होतं. वेल्टा काठी घेऊन सव्वा किलोमीटर चालत यायची, पाव, साखर आणि कोंबड्यांचं खाणं पिशवीत घेऊन परत जायची. नर्स महिन्यातून एकदा येत असे, तीही आता फोनवरूनच विचारपूस करू लागली.

नामदिवसाला, म्हणजे कॅलेंडरात आपलं नाव येतं त्या दिवशी, आमच्याकडे आमंत्रण देत नाहीत. ज्याला आठवतं तो येतो, आणि घरच्याने तयार असावं लागतं. वेल्टाच्या नामदिवसाला दरवर्षी पंधरा-वीस माणसं व्हायची. त्या वर्षीही तिने चरबी-कांद्याच्या छोट्या पुऱ्या केल्या, शाहजिऱ्याचं चीज केलं, होते ते बाराही कप मांडले. विल्निस ट्रॅक्टरने पोचला. टपालवाली बाई रबरी बूट घालून चालत आली. बाकी कुणी आलं नाही. तिच्या मैत्रिणी ऐंशीच्या घरातल्या, त्या चिखलात कशा चालणार? अंधार पडेपर्यंत वेल्टा खिडकीपाशी बसून होती. मग तिने पुऱ्या कापडात बांधल्या आणि विल्निसला दिल्या. "ग्रेडरवर खा. थंड झाल्या तरी चांगल्या लागतात." त्याने त्या ऐवार्सला दिल्या.

त्याने हातपाय हलवले नाहीत असं नाही. तीन ओंडके साखळीने बांधून, स्वतःच्या जुन्या ट्रॅक्टरमागे लावून तो रविवारी त्या तुकड्यावर ओढायचा. त्याने वरचा चिखल सपाट व्हायचा, पण खचलेला रस्ता ओंडक्याने वर येत नाही. फेब्रुवारीत बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा गोठलं. एका सकाळी विल्निस दफनभूमीपर्यंत आला, फाटक आलं, आणि त्याने पातं उचललं नाही. लीपासच्या अंगणापर्यंत गेला आणि घासतच परत आला. वेल्टा दारात होती. तिने हात हलवला नाही. तिला कळलं होतं.

इंटाने त्याला बोलावलं. वरून कागद आला होता.

"या वेळी ताकीद आहे. पुन्हा झालं तर मला झाकता येणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत तुमची. नीट घरी जा की हो."

"पुन्हा करीन," विल्निस म्हणाला. "बर्फ वितळायला लागलं की पुन्हा करीन. खोटं कशाला सांगू?"

हेच तो ऐवार्सला बोलला, आणि ऐवार्सच्या पोटात गोष्ट राहत नाही. पुढच्या मंगळवारी फाटकापाशी पावाबरोबर ही बातमीही वेल्टाच्या पिशवीत गेली.

मार्चच्या मध्यावर तो हमरस्त्यावर काम करत असताना शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमातून फोन आला. तुमच्या भगिनी इथे आल्यात, खोली मिळाली आहे, काळजी करू नका असं सांगायला सांगितलंय.

झालं होतं असं. वेल्टाने स्वतःच समाजसेविकेला फोन करून जागा ठरवली होती. कोंबड्या ऐवार्सच्या बायकोला दिल्या होत्या. त्या दिवशी बारा वाजता दफनभूमीच्या फाटकापाशी गाडी येणार होती, पुढे ती येऊ शकत नव्हती. म्हणून पंचाहत्तर वर्षांची, अर्ध्या डोळ्यांची ही बाई एक पिशवी घेऊन, बूट दोरीने घोट्याला बांधून, तो सव्वा किलोमीटर चालत बाहेर आली. त्या आठवड्यात रस्ता गुडघाभर लगदा होता.

विल्निस काम संपवून लीपासला गेला. चुलीतली राख काढून नेलेली. पाव कापायची फळी धुऊन उभी केलेली. परत येताना तो तिच्या पावलांच्या मागोमाग चालला. ती मधून गेली नव्हती, बर्चच्या झाडांखालून, कडेकडेने गेली होती. पावलांशेजारी काठीची भोकं. वळणापाशी भोकं थांबली होती, आणि तिथे चिखलात दोन गुडघे आणि दोन तळहात उमटले होते, बोटं पसरलेली. पाचही बोटं दिसत होती. विल्निस तिथे उकिडवा बसला आणि रडला. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता, बायको गेली तेव्हा लोकांसमोर रडला नव्हता. इथे कुणी नव्हतं आणि त्याला आवरेना.

रविवारी तो भेटायला गेला. वेल्टा खिडकीपाशी, केस विंचरून, खोलीतल्या दुसऱ्या बाईला लोकरीचे टाके सांगत बसली होती.

"असं तोंड करून येऊ नकोस," ती म्हणाली. "इथे नळाला गरम पाणी आहे. मी तुला थंड पाण्याने आंघोळ घालायची, आठवतं? कसा कोकलायचास."

"न सांगता आलीस."

"सांगितलं असतं तर तू मशीन आणलं असतंस."

"आणलंच असतं."

"म्हणून तर चालत आले." तिने त्याची कॉलर सरळ केली, जशी ती साठ वर्षं करत आली होती.

"मेमध्ये यादी येतेय. रस्ता लागला की तुला घरी नेतो. लीपासवर नोंद आहे आता तुझी, मी तीनदा तपासलीय."

"ने की. मी कुठे नाही म्हणतेय?" मग दुसऱ्या बाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "इथलं सगळं चांगलं आहे, विल्न्या. पण सकाळी उठल्यावर करायला काही नसतं. रस्ता लागला की लगेच सांग. पिशवी बांधलेलीच आहे."

मग प्रत्येक रविवारी तो गेला. प्रत्येक रविवारी ती दोनच गोष्टी विचारायची: कोंबड्या अंडी देतात का, आणि यादी आली का.

यादी सहा मेला आली. बुधवार होता. इंटाने स्वतः त्याला फोन केला आणि वाचून दाखवलं: लीपास, रहिवासी एक, रस्ता पूर्ण लांबीचा. विल्निसला ग्रेडर रस्त्याकडेला घेऊन थांबावं लागलं.

"तिला फोन करा आधी," इंटा म्हणाली.

"करतो."

पण त्याने केला नाही. त्याच दुपारी तो त्या सव्वा किलोमीटरवर गेला. एप्रिलभर पाऊस नव्हता. मार्चचा लगदा आता विटेसारखा वाळला होता, चाकोऱ्या होत्या तशा कडक होऊन बसल्या होत्या. त्याने बुटाची टाच मारली. टाच दुखली. यात पातं घालणं म्हणजे ढेकळं उपटून धुरळा करणं, आठवड्यात सगळं जैसे थे. त्याने आभाळाकडे पाहिलं. म्हटलं, चार दिवस. पाऊस येऊ दे. मग रस्ता असा करतो की कपातली कॉफी हिंदकळणार नाही. मग जातो, आणि तिला म्हणतो, चल, झाला. नुसती कागदावरची बातमी काय द्यायची? कागदाने त्यांचं काय भलं केलं होतं? जिथे ती गुडघ्यांवर पडली, तिथून तिला गाडीत बसवून न्यायचं, आणि तिला धक्काही बसता कामा नये. हे त्याने इतकं मनावर घेतलं की त्यापुढे दुसरं काही दिसेना.

चार दिवस गेले, पाऊस नाही. त्याने धुराडं साफ केलं, लाकडं फोडून रचली, सफरचंदाच्या झाडांना चुना लावला, ऐवार्सच्या बायकोकडून तीन कोंबड्या परत आणल्या. रविवार आला. त्या रविवारी तो वृद्धाश्रमात गेला नाही. गेलो तर तोंडातून निघून जाईल, ही भीती. ऐवार्सकडून निरोप पाठवावा असं मनात आलं, पण ऐवार्सचं पोट त्याला माहीत होतं. तो दिवसभर लीपासच्या छपरावर फळ्या ठोकत बसला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो सुखात होता.

मंगळवारी सकाळी, तो पुन्हा छपरावर असताना, फोन आला. वेल्टा पहाटे गेली होती. झोपेत, हृदयाने.

वृद्धाश्रमातल्या नर्सने त्याच्या हातात पिशवी दिली. बांधलेलीच होती. नर्स तरुण होती, भल्या मनाने बोलत होती, तिला काय ठाऊक?

"रविवारी फार वाट पाहिली हो त्यांनी तुमची. जेवणाच्या खोलीतही आल्या नाहीत, खिडकीशीच बसल्या. मी म्हटलं, काम असेल. तर म्हणाल्या, काम नाही, यादी आली असणार आणि रस्ता लागला नसणार. तोंड दाखवायला लाजत असेल तो. म्हणाल्या, त्याला सांगा, माझं इथे छान चाललंय."

विल्निसने पिशवी जमिनीवर ठेवली आणि पुन्हा उचलली. नर्सला तो काहीतरी म्हणाला, बहुतेक आभार.

बुधवारी रात्रभर पाऊस पडला. गुरुवारी उघडलं. माती ओली होती आणि बुटाला चिकटत नव्हती. शनिवारी दफन होतं. इंटा म्हणाली, दुसऱ्या कुणाला पाठवते. विल्निस म्हणाला, नको.

त्याने हमरस्त्यापासून सुरुवात केली. दफनभूमीचं फाटक आलं, तिथे ऐवार्स आणि दोन माणसं शनिवारी रिवाजाप्रमाणे अंत्ययात्रेच्या वाटेवर पसरायला स्प्रूसच्या फांद्या उतरवून ठेवत होती. त्यांनी टोप्या काढल्या. विल्निस थांबला नाही, पातंही उचललं नाही. पुढचा सव्वा किलोमीटर त्याने चार वेळा केला. कडा ओढून आणल्या, वरंबा पसरला, पाठ आणली, वळणावर पाण्याला वाट दिली. बर्चखालची पावलं बुधवारच्या पावसात धुऊन गेली होती. लीपासच्या अंगणात मशीन वळवलं तेव्हा तिन्ही कोंबड्या दारातून पळाल्या.

परत आला तेव्हा इंटा फाटकापाशी गाडी लावून उभी होती. ती नव्या रस्त्यावरून थोडी चालून आली होती.

"इतका चांगला रस्ता मी पाहिला नाही, विल्निस," ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

विल्निस शिडीवरून खाली उतरला. हात पुसायला फडकं शोधू लागला, ते हातातच होतं.

"रस्त्याला पाऊस लागतो, इंटा," तो म्हणाला. "तिला सांगायला लागत नव्हता."